ढेकूण की दुसरे काही? घरातील चावऱ्या किड्यांची ओळख

खानदेशात कापूस घरात भरावयाचे दिवस आणि रात्री अंग खाजवीत जागावयाचे दिवस हे बहुधा एकच असतात. दिवाळीच्या सुमारास वेचणी जोरात येते. भाव मनाजोगा नसला म्हणजे माल ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून निजावयाच्या खोलीत सरकतो. आणि पौष-माघात घरातील लहानथोरांच्या अंगावर गांधी उठू लागल्या की घरात एकच निदान होते, ‘ढेकूण झाले.’ निदान होताच उपायही ठरलेला असतो. शेतात फवारून उरलेल्या औषधाची बाटली कोनाड्यात असतेच. ती पाण्यात घालून खाटेवर, गोधडीवर व भिंतीच्या भेगांवर शिंपडली जाते. आमचे म्हणणे असे की, ह्या प्रकारात पुष्कळ वेळा निदानही चुकते आणि उपाय तर नेहमीच चुकतो. म्हणून चावणारा प्राणी कोणता हे आधी पाहावे कसे, एवढ्याच गोष्टीचा विचार येथे मुख्यत्वे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु अलीकडचाच अनुभव पाहा. २०२१-२२ च्या हंगामात कापसास क्विंटलमागे दहा हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. पुढील हंगामात तो उतरला, आणि गतवर्षीचा दर पुन्हा येईल ह्या आशेने जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनी आपला माल २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत घरातच राखून ठेविला. त्या काळात घरातील कापसापायी अंगास खाज सुटते अशा तक्रारी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. अशा घरी खाट उन्हात टाकून किंवा गोधड्या उकळून काय उपयोग? खाजेचे मूळ खाटेत नसून उशाशी रचलेल्या ढिगात असेल, तर तो ढीग जोवर तेथे आहे तोवर खाज राहणारच.

घोटाळ्याचे पहिले कारण आपल्या भाषेतच आहे. कपाशीवर येणाऱ्या दोन किड्यांस आपण ढेकूणच म्हणतो: एक तांबडा ढेकूण, ज्यास लाल ढेकण्याही म्हणतात, आणि दुसरा करडा ढेकूण. खाटेतला ढेकूण हा तिसरा. ह्या तिघांचे कूळ दूरचे एकच आहे. तिघांसही सोंडेसारखी चोच असते आणि चिरडले असता तिघांचाही उग्र वास येतो. पण कपाशीचे दोन्ही ढेकूण झाडाचा व सरकीचा रस पिऊन राहतात. रक्तावर त्यांचा निर्वाह नाही आणि खाटेत त्यांची वीण होत नाही. खाटेतला ढेकूण मात्र जन्मापासून मरेपर्यंत रक्तावाचून दुसरे काही घेत नाही.

तेव्हा प्रथम ह्या खऱ्या ढेकणाची ओळख नीट करून घेऊ. पूर्ण वाढलेला ढेकूण तुरीच्या डाळीएवढा, पाच ते सात मिलिमीटर लांब, अंड्याच्या आकाराचा व वरून दाबल्यासारखा चपटा असतो. रंग तांबूस तपकिरी. पाय सहा, डोक्यावर चार पेरांच्या दोन आखूड मिशा, आणि पोटावर आडव्या रेघा. पंख त्यास नाहीत, पंखांच्या जागी दोन लहान खुणा तेवढ्या असतात. म्हणून तो उडत नाही. तो उडीही मारीत नाही. ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेविल्या तरी अर्धे काम झाले. दिव्यावर झेप घेणारा किंवा बोट लावताच टुणकन उडणारा प्राणी ढेकूण नव्हे, मग तो दिसावयास कसाही असो. पोटभर रक्त प्याल्यावर हाच चपटा किडा फुगून लांबट व लालभडक होतो, आणि त्यामुळे एकाच खाटेत दोन जातींचे किडे आहेत असा भास होतो. पिल्ले फिकट पिवळट, जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांनी रक्त प्याले की पोटातला लाल ठिपका बाहेरून दिसतो. मोठे होईपर्यंत ती पाच वेळा कात टाकतात व प्रत्येक वेळी त्यांस रक्त लागते. अंडी खसखशीएवढी, पांढरी व लांबट असून लाकडाच्या फटीत चिकटविलेली असतात.

ढेकणाच्या मुख्य जाती दोन आहेत. थंड देशांत सायमेक्स लेक्ट्युलॅरियस ही जात आढळते, आणि आपल्या उष्ण मुलखात मुख्यतः सायमेक्स हेमिप्टेरस. घरगुती कामास हा भेद महत्त्वाचा नाही, एक गोष्ट सोडून: आपल्याकडील ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावर दुसऱ्यापेक्षा अधिक सहज चढतो. परदेशी पुस्तकांतून खाटेच्या पायांखाली गुळगुळीत वाट्या ठेवण्याची युक्ती सांगितलेली असते, ती आपल्याकडे तशीच्या तशी चालत नाही. वाटीत साबणाचे पाणी घातले, किंवा तिच्या आतल्या बाजूस शंखजिऱ्याची पूड चोळली, तर उपयोग होतो. आपल्या आज्या खाटेचे पाये पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, त्यातील शहाणपण हेच होते.

ढेकूण स्वतः क्वचितच दिसतो. दिवसा तो खाटेच्या सांध्यांत, सुंभाच्या किंवा नवारीच्या विणीत, गादीच्या शिवणीत, धाब्याच्या घरातील लाकडी खांबांच्या भेगांत, भिंतीवरील तसबिरीच्या मागे दडून बसतो. पण त्याच्या खुणा राहतात. चादरीच्या कडेस व लाकडाच्या खाचांजवळ शाईचे थेंब उडाल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ती त्याची विष्ठा होय. ओल्या कापसाच्या बोळ्याने ठिपका पुसून पाहावा. तो तपकिरी-तांबूस होऊन पसरला तर ते पचलेले रक्त समजावे; धूळ किंवा माशीची घाण तशी पसरत नाही. त्याच जागी टाकलेल्या काती, पांढरी टरफले व कुबट वास आढळला म्हणजे संशयास जागा उरत नाही.

आता कपाशीच्या ढेकणांकडे वळू. तांबडा ढेकूण ओळखण्यास कोणासही अडचण पडू नये: तो अर्ध्या इंचाच्या आसपास, शेंदरी-तांबडा, पंखांवर काळे ठिपके व पोटावर पांढरे पट्टे असलेला असतो. करड्या ढेकणाने मात्र चांगले चांगले फसतात. तो चार-पाच मिलिमीटरचाच, म्हणजे खाटेतल्या ढेकणाहून थोडा लहान. रंगाने काळपट-करडा, डोके टोकदार, अंग लांबट, आणि पाठीवर धुरकट पांढरे पारदर्शक पंख. उमललेल्या बोंडांत तो शिरून बसतो व वेचणीबरोबर गाठोड्यातून घरी येतो. ढीग घातल्यावर दोन-चार दिवसांत तो बाहेर पडून भिंतीवर, तुळयांवर, अंथरुणावर भरदिवसा हिंडू लागतो. येथेच त्याची पारख होते. खाटेतला ढेकूण शेकड्यांनी भिंतीवर दिवसाढवळ्या कधीही फिरत नाही. जो उजेडात मोकळा फिरतो, ज्यास पंख आहेत, आणि ज्याची संख्या ढिगाजवळ अधिक व ढिगापासून दूर कमी, तो कपाशीचा पाहुणा समजावा. माल विकला किंवा दुसऱ्या जागी हलविला की तो आपोआप ओसरतो. त्याच्यासाठी खाट जाळण्याचे कारण नाही. (त्याला चिरडून मात्र रुईस डाग लागतो व भावात मार बसतो, हे येथे सांगितलेच पाहिजे.)

परंतु कापसातील खाजेचा खरा गुन्हेगार पुष्कळदा ह्या दोघांपैकी कोणीच नसतो. तो डोळ्यांस दिसतच नाही. शेतकऱ्यास कोळी कीड परिचित आहे. पिकांवरील लाल कोळ्याचा त्रास पुष्कळांनी सोसला आहे. त्याच वर्गातील पायमोटिस नावाचा एक अतिसूक्ष्म कोळी दुसऱ्या किडींच्या अळ्यांवर जगतो. साठविलेले धान्य, काड, कडबा व सरकी ह्यांतील अळ्या हे त्याचे भक्ष्य असून गुलाबी बोंडअळीवरही तो आढळलेला आहे. अळ्या संपल्या किंवा माल हलविला की तो माणसाच्या अंगावर येतो व चावतो. त्या जागी पुरळ उठून असह्य खाज सुटते. माणसाच्या रक्तावर मात्र तो जगू शकत नाही. ढीग दूर झाला की आठपंधरा दिवसांत त्रास आपोआप थांबतो.

ह्या कोळ्याची कथा मोठी बोधक आहे. १९०९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात व आसपास पुष्कळ लोकांच्या, आणि काही खलाशांच्याही, अंगावर एकाएकी पुरळ उठू लागले. सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनी डॉक्टर शॅम्बर्ग ह्यांच्यासह तपास केला. आजारी माणसे गव्हाच्या काडाने भरलेल्या नव्या गाद्यांवर निजत असत असे दिसून आले. मग गोल्डबर्गर ह्यांनी आपला उघडा हात व खांदा तशा दोन गाद्यांमध्ये तासभर धरून ठेविला. सुमारे सोळा तासांनी त्यांच्या अंगावर तसेच पुरळ उमटले. नंतर त्यांनी ते काड चाळून त्यातून हा कोळी हुडकून काढला. हेच गोल्डबर्गर पुढे पेलाग्रा रोगाचे मूळ निकस आहारात आहे हे दाखवून प्रसिद्ध झाले. गाद्यांत पुरळ उठते म्हणून ढेकणांचे औषध मारीत बसले असते, तर तो खटाटोप वर्षभर चालला असता.

मग खाज ढेकणाची की कोळ्याची हे सामान्य माणसाने ओळखावे कसे? गांधींच्या आकारावरून ओळखता येत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तीन गांधी एका ओळीत दिसल्या म्हणजे ढेकूण, असा समज आहे. तो भरवशाचा नाही. एकाच खाटेवर निजणाऱ्या दोघांपैकी एकाचे अंग सुजते व दुसऱ्यास पत्ताही लागत नाही, काहींच्या अंगावर तर चाव्यानंतर कित्येक दिवसांनी गांध उठते. त्यापेक्षा खाज कोणास, केव्हा व कोठे सुटते हे पाहावे. कापूस भरणाऱ्या, तुडविणाऱ्या किंवा ढिगावर लोळणाऱ्या माणसांसच ती सुटत असेल, छाती-पाठीवर अधिक असेल, आणि परगावी दोन दिवस राहिल्यावर उतरत असेल, तर संशय कापसावर धरावा. ढिगापासून दूरच्या खोलीत निजणाऱ्यांसही रात्री त्रास होत असेल तर खाट तपासावी. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व कमरेभोवती रात्री खाज येत असेल आणि ती घरात एकापासून दुसऱ्यास लागत असेल, तर हा किड्यांचा प्रश्नच नव्हे. ती खरूज होय, आणि तिच्यासाठी घरातील सर्वांनी एकाच वेळी डॉक्टरचे औषध घेतले पाहिजे. एकट्याने घेतल्यास ती फिरून येते.

बाकीच्या मंडळीचा निकाल थोडक्यात लावता येईल. पिसू बाजूंनी दाबल्यासारखी अरुंद असते, ढेकणासारखी वरून चपटी नसते. ती उडी मारते व बहुधा घोट्याच्या आसपास चावते. कुत्रे, मांजर किंवा उंदीर ह्यांपैकी कोणी तरी तिचा यजमान घरात असतोच. पिसवांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. प्लेगचा रोग उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले. आणि १९९४ साली आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यात प्लेगचे रोगी आढळले होते. घरात उंदीर मरून पडत असतील आणि त्याच सुमारास पिसवा वाढल्या असतील, तर मेलेल्या उंदरास हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. ढेकणाविषयी तेवढे तरी समाधान आहे: तो माणसामाणसांत एखादा रोग पसरवितो असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

गोचीड ओळखणे गुरे बाळगणाऱ्यास कठीण नाही, पण एक जात फसवी आहे. कोंबड्यांच्या खुराड्यातील गोचीड ढेकणाप्रमाणेच चपटी असते, दिवसा फटीत दडते व रात्री रक्त पिते. खुराडे भिंतीला लागून असले तर ती घरात शिरते. पाय मोजावेत: मोठ्या गोचिडीस आठ, ढेकणास सहा. तिच्या अगदी बारीक पिल्लास मात्र सहाच पाय असतात. अशा वेळी मिशा पाहाव्यात. गोचिडीच्या कोणत्याही वयात मिशा नसतात. झुरळाच्या पिल्लास उलट अंगाएवढ्या लांब मिशा असतात आणि ते ढेकणापेक्षा फार चपळ. पिठातला तांबडा किडा व ज्वारीतील सोंडा रंगाने जवळचे वाटतात, पण त्यांची पाठ कठीण कवचाची असते, नखाने दाबल्यास कटकन फुटते. आणि ते चावत नाहीत. कणगी किंवा धान्याची कोठी निजावयाच्या खोलीत असली म्हणजे ते अंथरुणावर येतात, इतकेच.

प्राणी हाती लागल्याखेरीज ह्या साऱ्या खुणा व्यर्थ आहेत. तो पकडावा असा: मध्यरात्र उलटल्यावर, पहाटेच्या आत, विजेरी एकदम लावून उशी व गादीच्या शिवणी पाहाव्यात. दिवसा पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची कड खाटेच्या सांध्यांतून फिरवावी व खाली पांढरे धोतर किंवा कागद अंथरावा. सापडेल तो प्राणी पारदर्शक चिकटपट्टीवर उचलावा आणि भिंगातून पाहावा. भिंग नसल्यास हल्लीच्या मोबाइलचा कॅमेराही ते काम करतो. आठवडाभर रोज पाहूनही एकही ढेकूण, कात किंवा ठिपका मिळाला नाही, तर खाटेस दोष देणे सोडून घरात साठविलेल्या मालाकडे वळावे.

ढेकूणच ठरला तर उष्णतेसारखे औषध नाही, आणि ती आपल्या जिल्ह्यांस देवाने सढळ हाताने दिली आहे. प्रयोगांत असे आढळले आहे की मोठा ढेकूण ४५ अंश सेल्सिअसला सुमारे दीड तासात मरतो. अंडी अधिक चिवट असून ४८ अंशांसही तासाहून अधिक काळ तग धरतात. वैशाखात जळगाव-भुसावळकडे सावलीतला पारा ४५ च्या आसपास जातोच, उन्हातील पत्रा त्याहून पुष्कळ तापतो. नुसती खाट उन्हात टाकली तर ढेकूण सांध्यांच्या सावलीत सरकतात, किंवा उतरून पळून जातात. म्हणून गोधड्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गच्च बांधून तापल्या पत्र्यावर दुपारभर ठेवाव्यात व उलटसुलट कराव्यात. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. आणि भिंतींच्या भेगा व खांबांच्या फटी बुजवाव्यात. आठदहा दिवसांनी हेच पुन्हा करावे, कारण राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. थंडीच्या दिवसांत पाण्यावरच भर द्यावा लागतो.

विषारी औषधांविषयी आमचे मत कठोर आहे. डी. डी. टी. नवी होती तेव्हा ढेकणांचा प्रश्न कायमचा मिटला असे जगाला वाटले. पण १९४७ सालीच हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथे तिला न जुमानणारे ढेकूण आढळले, आणि पुढे आपल्या देशातही तोच अनुभव आला. आजची फवारणीची औषधेही पुष्कळ ठिकाणी त्यांस बाधत नाहीत. माणसांस मात्र बाधतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, आणि तीही उघड्या शेतात. तेच द्रव्य मुलाच्या उशीवर शिंपडण्याचा विचार कोणी करू नये. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. त्याच्यावर उतारा नाही. ह्या गोळ्या सरकारी तज्ज्ञ किंवा परवानाधारक कीडनियंत्रक ह्यांच्या देखरेखीखेरीज वापरू नयेत असा केंद्र सरकारचा निर्बंध आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत कॅनडातील फोर्ट मॅकमरे येथे एका कुटुंबाने ढेकणांसाठी अशाच गोळ्या परदेशाहून आणून निजावयाच्या खोलीत ठेविल्या. त्या घरातील दोन लहान मुले मरण पावली.

कापसाविषयी एकच सूचना. जागेची अडचण आम्ही जाणतो. धाब्याच्या घरात वखार वेगळी काढणे प्रत्येकास साधत नाही. तरी निदान निजण्याची खोली व मालाची खोली ह्यांच्यामध्ये एक भिंत आणि बंद राहणारे दार असावे, ढिगावर मुलांस खेळू देऊ नये, आणि कापूस भरून आल्यावर कपडे बदलून अंग धुतल्याशिवाय अंथरुणावर बसू नये. खोली रिकामी झाल्यावर राहिलेली सरकी, कवडी व केरकचरा झाडून बाहेर जाळावा. त्यातच बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत असते.

ज्यांस भिंगातून पाहूनही खात्री होत नाही त्यांनी चार-सहा किडे लहान बाटलीत थोड्या स्पिरिटमध्ये घालावेत, कोठे व केव्हा सापडले ते चिठ्ठीवर लिहून बाटलीस बांधावे, आणि पाल, ममुराबाद किंवा धुळे ह्यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावेत. किडे चिरडलेले नसावेत. पाय व मिशा शाबूत असल्या तरच जात सांगता येते.